दुष्काळी मातीतून समुद्राकडे

(बीड येथे विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी संयोजकांना कळवला, तेव्हा त्यांतील एक तरुण कार्यकर्ता दूरध्वनीवर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, विषय समुद्रविज्ञान असाच छापायचा ना?" त्याची शंका रास्त होती. बीडहून कोणत्याही दिशेने निघालात तरी समुद्र गाठायला अख्खा दिवस लागतो. इथल्या मुलाने अभियंता व्हावे, डॉक्टर व्हावे, स्पर्धा परीक्षा द्यावी, हे सगळ्यांना समजते. समुद्र कशासाठी शिकायचा?

हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी पाटोदा तालुक्यातील आमच्या गावच्या पारावर माझ्या वडिलांना विचारला गेला होता. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी अंबाजोगाईला पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो आणि गोवा विद्यापीठाच्या सागरी विज्ञान विभागात प्रवेश घेतला. पारावरचे एक आजोबा वडिलांना म्हणाले, "गुरुजी, पोरगं गोव्याला काय शिकायलंय म्हणं?" वडिलांनी सांगितले, "समुद्रशास्त्र." त्यावर आजोबा म्हणाले, "हितं हिरीला पाणी नाई अन् तुमचं पोरगं समुद्र शिकायलंय!" पार हसला. वडीलही हसले; पण घरी येऊन त्यांनी मला पत्र लिहिले आणि त्यात एवढेच विचारले की, आजोबांना काय उत्तर द्यायचे ते कळव.

ते उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो. आजोबा आता नाहीत, वडीलही नाहीत, म्हणून ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिते होतात आणि आपण पर्जन्यछायेत राहतो, हे शाळेच्या भूगोलात तुम्ही वाचलेले आहे. पण भूगोलाचे पुस्तक बहुधा इथेच थांबते. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याकडे जो पाऊस येतो, ज्याच्यावर आपली रब्बी उभी राहते, तो कुठून येतो? त्यातील मोठा भाग पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, ती जमिनीवर चढून पश्चिमेकडे सरकतात, त्यांतील काहींचा हात मराठवाड्यापर्यंत पोहोचतो. ज्या वर्षी तो पोहोचत नाही, त्या वर्षी आपल्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते.

आता प्रश्न असा की, ही क्षेत्रे बंगालच्या उपसागरातच इतकी का तयार होतात? अरबी समुद्र त्याच अक्षांशांवर आहे, सूर्य तोच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला. अरबी समुद्रावर मोसमी वारे जोराने वाहतात, वरचे गरम पाणी ढवळले जाते, खालचे थंड पाणी वर येते आणि समुद्र निवतो. बंगालच्या उपसागरात वारे तुलनेने मंद असतात. शिवाय गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचे गोडे पाणी आणि पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. वरचा थर पातळ राहतो, लवकर तापतो आणि तापलेलाच राहतो. पाऊस पडतो, नद्या भरतात, नद्यांचे पाणी समुद्रावर पसरते, समुद्र गरम राहतो, पुन्हा ढग होतात.

बिंदुसरेचे पाणी सिंदफणेत जाते, सिंदफणेचे गोदावरीत. आमच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजराही अखेर गोदावरीलाच मिळते. आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे वरुणराजाच्या त्या जमाखर्चाच्या वहीत बीडचेही एक छोटेसे खाते आहे. हे मला प्रथम समजले तेव्हा मी गोव्यात एका वर्गात बसलो होतो आणि मला पारावरचे आजोबा आठवले.

समुद्राचे तापमान आणि ढग यांचा हा संबंध आकड्यांत मांडणाऱ्यांमध्ये एक मराठी नाव अग्रभागी आहे. डॉ. सुलोचना गाडगीळ. १९४४ साली पुण्यात जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९७० साली डॉक्टरेट. तिथे त्यांचा अभ्यासविषय होता अटलांटिक महासागरातील गल्फ स्ट्रीम हा प्रवाह. एवढ्या शिदोरीवर त्यांना अमेरिकेत राहता आले असते. त्या भारतात परतल्या, आधी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत आणि १९७३ पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागल्या. त्यांनी विषयही बदलला. अटलांटिकचा प्रवाह सोडून आपल्या मोसमी पावसाचा अभ्यास हाती घेतला. समुद्रपृष्ठाचे तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तिथे मोठे ढग तयार होण्याची शक्यता एकदम वाढते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले.

एल निनो हा शब्द आता आपल्या बाजार समितीतही ऐकू येतो. प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस कमी होतो, एवढे सर्वांना पाठ आहे. पण १९९७ साली अतिशय तीव्र एल निनो होता आणि देशात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला. २००२ साली एल निनो त्या मानाने सौम्य होता आणि पाऊस दगा देऊन गेला. त्या वर्षीचा जुलै महिना जवळजवळ निम्म्यावर आला. मग केवळ प्रशांत महासागराकडे पाहून कसे चालेल? १९९९ साली हिंदी महासागरातील पूर्व-पश्चिम झोक्याचा शोध प्रसिद्ध झाला. कधी आफ्रिकेकडची बाजू तापते, कधी सुमात्राकडची. सजी, विनयचंद्रन आणि भूपेंद्रनाथ गोस्वामी हे भारतीय शास्त्रज्ञ त्या शोधनिबंधाच्या लेखकांत होते. पुढे गाडगीळबाईंनी विषुववृत्तावरील ढग आणि वारे यांचा असाच झोका आपल्या पावसाशी जोडून दाखवला. १९९७ ला तो अनुकूल होता, २००२ ला प्रतिकूल. आपल्या नावाचा महासागर आपणच नीट पाहिला नव्हता, असे यातून निघते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सांगतो. गाडगीळबाई आणि त्यांचे सहकारी आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात गेले. तो भाग आपल्यासारखाच कोरडवाहू, पीक भुईमुगाचे. पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाचे गणित यांची सांगड घालून, शेतकऱ्यांशी बसून बोलून त्यांनी पाहिले की पेरणी कोणत्या काळात केली तर शेंगा भरताना कोरड पडण्याचा धोका कमी होतो. २००६ साली त्यांनी चिरंजीव सिद्धार्थ यांच्यासह अर्थशास्त्रातला एक निबंध लिहिला. शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा इतका घटला, तरी तीव्र दुष्काळाचा राष्ट्रीय उत्पन्नाला बसणारा फटका २ ते ५ टक्के एवढाच कायम राहिला आहे, असे त्यात दाखवले. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या वृत्तपत्रांनी त्या बातमीला किती जागा दिली हे मी मोजलेले नाही, मोजण्यासारखे नव्हते.

बीडकरांना दुष्काळाविषयी मी काय सांगावे? २०१५ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणले. २०२३ चा ऑगस्ट देशाच्या नोंदीतील, म्हणजे १९०१ पासूनचा, सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात जमिनी खरवडून नेणारे पूर आले. दोन वर्षांच्या अंतराने हे दोन्ही. पुण्याच्या संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत आणि तिला लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. हे डॉ. कोल कोचीच्या विद्यापीठात समुद्रविज्ञानात एम.एस्सी. झाले, जपानमधील होक्काइदो विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि आज पुण्यात बसून आपल्या पावसाचा अभ्यास करतात. आजोबांना द्यायचे उत्तर मला वाटते एवढ्यात येऊन गेले.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो.

समुद्रविज्ञान म्हणजे बोटीवरची नोकरी नव्हे. दर मेळाव्यात एक तरी पालक विचारतात, "म्हणजे मर्चंट नेव्हीच ना?" नव्हे. जहाज चालवणे हा वेगळा व्यवसाय, त्याचे शिक्षण वेगळे, त्यासाठी भारतीय सागरी विद्यापीठ आहे. आपण बोलतो आहोत ते समुद्राच्या विज्ञानाबद्दल. लाटा, प्रवाह, तापमान हे भौतिक अंग. पाण्यातील क्षार, प्राणवायू, कार्बन हे रासायनिक. सूक्ष्म वनस्पतींपासून माशांपर्यंत जैविक. आणि तळाचा गाळ, खनिजे हे भूशास्त्रीय. पदव्युत्तर वर्गात चारही थोडे थोडे शिकावे लागतात, मग एक धरावे लागते. म्हणून बारावीनंतर लगेच समुद्रविज्ञान शोधत फिरू नका. भौतिकशास्त्र, गणित, रसायन, प्राणिशास्त्र, भूशास्त्र यांपैकी आवडीच्या विषयात बी.एस्सी. उत्तम करा. इथेच करा, बीडला, अंबाजोगाईला. मी अंबाजोगाईलाच शिकलो आणि माझे काही अडले नाही. अडले ते इंग्रजी वाचनाने आणि संगणकाच्या आज्ञावलीने. ते दोन्ही आत्तापासून करा. आजचा समुद्रशास्त्रज्ञ पाण्यापेक्षा आकड्यांत अधिक बुडालेला असतो. जगभरच्या महासागरांत सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगक यंत्रे सोडलेली आहेत. ती २,००० मीटर खोल जातात, दर दहा दिवसांनी वर येऊन तापमान आणि क्षारता उपग्रहामार्फत कळवतात. त्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. माजलगावच्या मुलीला त्या आज रात्री पाहता येतील.

विद्यापीठे कोणती? गोवा विद्यापीठ मला घरचे. ताळगावच्या पठारावर ते आहे आणि दोनापावल्याची राष्ट्रीय संस्था जवळच आहे. १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ या विषयात फार जुने आणि मोठे. तिथे भौतिक समुद्रविज्ञान, सागरी भूशास्त्र, जलरसायन असे स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात १९५२ साली अमेरिकेचे ला फाँड येऊन शिकवू लागले, तेव्हापासूनची परंपरा आहे. खरगपूर, मद्रास, भुवनेश्वर, दिल्ली येथील आयआयटी आणि बेंगळुरूची विज्ञान संस्था आहेच. मत्स्यविज्ञानात रस असेल तर आपल्याच राज्यात रत्नागिरीचे महाविद्यालय आणि मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्रवेश परीक्षा सगळीकडे एक नाही. आयआयटीसाठी 'जॅम', कोचीची स्वतःची, गोव्याची स्वतःची. पुढे संशोधनासाठी नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. ती कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. संशोधन करणारा मुलगा वडिलांवर ओझे होतो, ही समजूत सोडायला हरकत नाही.

परदेशाविषयीही विचारतात. गोव्याचे डॉ. सतीश शेट्ये मुंबईच्या आयआयटीतून अमेरिकेतील सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले, डॉक्टरेट करून परतले, पुढे राष्ट्रीय संस्थेचे संचालक आणि गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा मोठ्या विद्यापीठांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, एम.एस.साठी मात्र बहुधा घरचे पैसे लागतात. त्यासाठी रान विकू नका. इथे एम.एस्सी. करा, शोधनिबंध लिहा आणि मग डॉक्टरेटसाठी अर्ज करा.

नोकरीबद्दल गोड बोलून मी तुमची फसवणूक करणार नाही. या क्षेत्रात कायम जागा मोजक्याच निघतात. नुसत्या एम.एस्सी.वर बहुधा प्रकल्पातील कंत्राटी काम मिळते आणि प्रकल्प संपला की ते संपते. डॉक्टरेट धरून स्थिर होईपर्यंत तिशी उलटते. माझीच गोष्ट सांगतो. एका प्रकल्पात माझे मानधन सात महिने आले नाही. मी वडिलांना पगार वेळेवर होतो असे लिहीत असे आणि मित्राच्या खोलीवर राहत असे. बहिणीच्या लग्नाला मी पाहुण्यासारखा हात हलवत गेलो. ही वर्षे ज्यांच्या घरी परवडणार नाहीत, त्यांनी आधी बी.एड. किंवा दुसरा आधार हाताशी ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

पण दारे किती आहेत तेही पाहा. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था मच्छीमारांना मासे कुठे मिळतील ते मराठीतही कळवते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर त्सुनामीच्या इशाऱ्याचे केंद्र तिथेच ऑक्टोबर २००७ मध्ये उभे राहिले. चेन्नईत सागर तंत्रज्ञान संस्था आहे. गोव्यातच वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. कोचीत संरक्षण संशोधन संघटनेची नौदलीय भौतिक व समुद्रविज्ञान प्रयोगशाळा आहे. पाणबुडी शोधायची तर पाण्यातून ध्वनी कसा वाकतो हे समुद्रशास्त्रज्ञालाच विचारावे लागते. अहमदाबादला इस्रोचे केंद्र समुद्रावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांचे काम पाहते. आणि आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे पुण्याला खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, १९१६ पासूनचे. तिथे बंदरांच्या प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास होतो. खासगी क्षेत्रात बंदरे, तेल कंपन्या, किनारी प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या संस्था यांचे काम वाढते आहे. पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्या बंदराला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे, तोही आपण ऐकून घेतला पाहिजे. बंदराने गाळ कुठे साचेल आणि मासळीचे काय होईल, याचे खरे उत्तर देणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा आहे.

देशाच्या दृष्टीनेही थोडे बोलतो. शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. राजे घाटावरचे, डोंगरातले. पण समुद्र ज्याचा त्याची सत्ता हे त्यांनी ओळखले. नंतर आपल्याच समाजाने समुद्र ओलांडणे पाप ठरवून पाठ फिरवली, याची किंमत आपण मोजली आहे. स्वातंत्र्यानंतर हे पुन्हा हळूहळू जुळू लागले. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून धातुमिश्रित गोटे वर काढले. जून २०२१ मध्ये खोल सागर अभियानाला सुमारे ४,०७७ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. 'मत्स्य ६०००' या पाणबुडीतून तीन भारतीयांना सहा हजार मीटर खोल नेण्याची तयारी चालू आहे. तिथे पाण्याचा दाब इथल्या हवेच्या सहाशे पट असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये चार आणि पाच हजार मीटरपर्यंत जाऊनही आले. या कामाला माणसे लागतील आणि ती फक्त किनाऱ्यावरच जन्मली पाहिजेत असा नियम नाही.

एका माउलीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "मुलीला बोटीवर कसे पाठवायचे?" ही चिठ्ठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

ताई, नागपूरला १९४३ साली जन्मलेली एक मुलगी होती, अदिती पंत. औंध संस्थानच्या राजघराण्यातील. पुणे विद्यापीठात बी.एस्सी. झाल्यावर तिच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचे 'दि ओपन सी' हे पुस्तक पडले आणि तिने ठरवले की समुद्र शिकायचा. शिष्यवृत्ती मिळवून ती हवाई विद्यापीठात गेली, नंतर लंडनला डॉक्टरेट केली, आणि १९७३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय संस्थेत रुजू झाली. १९८३ च्या अखेरीस भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली, तीत अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. आज आपल्या संशोधन जहाजांवर मुली नियमित जातात.

राजघराण्यातील मुलीची गोष्ट आम्हाला काय उपयोगाची, असे तुमच्या मनात येईल. म्हणून माझ्या पाहण्यातले सांगतो. माझ्याबरोबर एका सफरीवर विदर्भातील एका शिक्षकाची मुलगी होती. पहिले तीन दिवस आम्ही दोघेही उलट्यांनी बेजार. चौथ्या दिवशी पहाटे ती पाण्याचे नमुने काढायला उभी होती, मी अजून अंथरुणात. मुलींना वेगळी खोली असते, बरोबर वरिष्ठ असतात, सफर पंधरा दिवसांची किंवा महिन्याची असते, आणि वर्षातला बाकी सारा काळ प्रयोगशाळेत व संगणकासमोर जातो. एवढे मी खात्रीने सांगू शकतो. घरची काळजी मात्र मी पुसू शकत नाही. माझ्या आईने मी प्रत्येक वेळी जहाजावर चढलो तेव्हा योगेश्वरीला नवस बोललेला असे, आणि ते सगळे तिने फेडले की नाही हे मला अजून ठाऊक नाही.

मी गोव्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा एस.टी.ने पुणे, तिथून कोल्हापूर, तिथून पणजी असा दोन दिवसांचा प्रवास केला होता. बीडच्या स्थानकातून प्रवासी गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. तुम्हाला निदान अहिल्यानगरपर्यंत तरी रुळांवरून जाता येईल.

या टेबलावर मी एक बाटली ठेवली आहे. मिरामारच्या किनाऱ्यावरून परवा भरून आणली. लिटरभर पाणी आहे आणि त्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. विज्ञान शाखेच्या मुलांनी ती घेऊन जावी, शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी आटवून तोलून पाहावे. पस्तीसपेक्षा कमी भरले तर का, याचा विचार करून मला पत्र लिहावे. मांडवी नदीचे मुख त्या किनाऱ्यापासून जवळच आहे, एवढी सूचना देऊन ठेवतो. पत्ता संयोजकांकडे आहे. उद्या दुपारच्या गाडीपर्यंत मी इथेच आहे. ज्या पालकांना सर्वांसमोर विचारायचे नसेल, त्यांनी सकाळी यावे, आणि मुलगा किंवा मुलगी यांना बरोबर आणावे.